बारा बैठका आणि एक विसरलेली सुई

कंबरदुखीशी माझा संबंध सहा वर्षांचा आहे. मुद्रितशोधनाचे काम बैठे, मान खाली घालून करायचे आणि ठरलेल्या तारखेला संपवायचे असल्यामुळे कंबरेने केलेल्या तक्रारी मी बराच काळ कानाआड केल्या. पुढे सकाळी उठताना कंबर ताठरू लागली, दुपारनंतर उजव्या कुल्ल्यापर्यंत कळ उतरू लागली आणि वर्षातून दोन-तीनदा अशी उसण भरू लागली की खुर्चीतून उठण्यासाठी आधी मेजाला धरावे लागे. एमआरआयच्या अहवालात वयोमानानुसार झालेली झीज आणि मणक्यांमधल्या एका गादीचा किंचित फुगवटा यांखेरीज काही निघाले नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम मी धरले, सोडले आणि पुन्हा धरले. वेदनाशामक गोळ्यांनी कंबर शांत होई, पण पोट जळू लागे. अखेर मी ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायच्या चिनी उपचाराच्या, बारा बैठका घेतल्या, आठवड्याला दोन याप्रमाणे सहा आठवड्यांत, आणि त्यानंतर तीन महिने थांबून हे परीक्षण लिहायला घेतले. उपचारकेंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तिथे जे चांगले दिसले आणि जे खटकले, ते दोन्ही या उपचाराच्या व्यवसायात इतरत्रही भेटू शकते, आणि वाचकाला उपयोग झालाच तर तो त्या ओळखीचाच व्हावा अशी इच्छा आहे.

पहिली भेट जवळजवळ पन्नास मिनिटे चालली. उपचारक बाईंनी आधी एमआरआयचा अहवाल शांतपणे वाचला, मग दुखणे नेमके कुठे सुरू होते, कशाने वाढते, झोपेत कुशीवर वळताना काय होते, हे विचारले. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हृदयात पेसमेकर बसवलेला आहे का, सुई पाहून कधी भोवळ आली होती का, हेही त्यांनी विचारले आणि संमतिपत्रावर टिपून घेतले. नंतर जीभ पाहिली आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. चिनी परंपरेत मनगटावरच्या तीन जागांचा वेगवेगळ्या अवयवांशी संबंध जोडलेला असतो. नाडीवरून माझ्या मूत्रपिंडाची ऊर्जा क्षीण झाल्याचे निदान निघाले, जे मी वहीत टिपून ठेवले आणि तिथेच राहू दिले. मात्र माझ्या कंबरेविषयी इतका वेळ, घड्याळाकडे न पाहता, याआधी कोणीही विचारपूस केली नव्हती, ही गोष्ट मला त्याच दिवशी जाणवली. तिचे महत्त्व पुढे येणारच आहे.

सुईच्या भीतीने अनेक जण या उपचाराच्या वाटेला जात नाहीत, म्हणून सुईविषयी थोडे तपशिलाने लिहिते. माझ्यासाठी वापरलेल्या सुया पाव मिलिमीटर जाडीच्या आणि चार सेंटिमीटर लांबीच्या होत्या. स्नायूत इंजेक्शन देण्याची नेहमीची सुई साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असते, शिवाय ती पोकळ असते आणि तिचे टोक तिरके कापलेले असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, वाकवली तर लवते, आणि तिच्यातून शरीरात काहीही सोडले जात नाही. ती एका बारीक प्लास्टिकच्या नळीत बसवलेली येते. नळी त्वचेवर टेकवायची, सुईचे वर डोकावणारे टोक बोटाने टिचकावायचे, नळी काढून घ्यायची आणि मग सुई हवी तितकी आत न्यायची, अशी ही रीत आहे. नळीची ही युक्ती सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध जपानी उपचारकाच्या नावावर सांगितली जाते. त्वचेवर नळीचा दाब आधीच जाणवत असल्यामुळे टोचल्याचे बहुतेक वेळा कळतही नाही, आणि माझ्या पहिल्या चौदा सुयांपैकी मला टोचल्यासारख्या वाटलेल्या फक्त दोन होत्या.

खरे वेगळेपण जाणवते ते सुई आत गेल्यावर. ती बोटांत धरून हळूच फिरवली की आतून एक जड, दबलेली, पसरत जाणारी ठणक उठते. ती दुखणे म्हणावी तर दुखत नाही आणि नाही म्हणावी तर दुर्लक्ष करता येत नाही. चिनी भाषेत या जाणिवेला ‘दे छी’ म्हणतात, म्हणजे छी येऊन पोहोचणे. ‘छी’ हा उच्चार आपल्या कानांना वेगळ्याच भावनेचा वाटतो हे मान्य, पण तिथे तो शरीरात वाहणाऱ्या प्राणशक्तीचा आहे. कंबरेच्या दोन्ही बाजूंना सहा, कुल्ल्यावर दोन, गुडघ्यामागच्या खळगीत एकेक आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला एकेक अशा सुया पहिल्या दिवशी लागल्या. उरलेल्या दोन हातांवर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात होत्या. पलंगाला चेहऱ्यासाठी भोक होते आणि त्यातून खाली फरशीचा एक चौकोन दिसत होता. पंचवीस मिनिटे मी तो चौकोन पाहिला, आणि चौथ्या बैठकीपासून त्यावरच झोपू लागले.

पाचव्या बैठकीपासून कंबरेतल्या चार सुयांना बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्राचे चिमटे लावण्यात आले. सेकंदाला दोन ठोके या गतीने स्नायू आपोआप फुरफुरू लागला. कोणीतरी आतून बोटाने टकटक करत आहे असे वाटते, आणि प्रवाह वाढवताना ‘आता पुरे’ हे वेळीच सांगण्याची जबाबदारी आपली असते. मी एकदा भिडेपोटी सांगितले नाही, त्याचा ठणका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिला. मॉक्सा नावाचा जोडउपचारही सुचवला गेला. यात दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीचा वाळवलेला पाला त्वचेजवळ जाळून ऊब देतात. धुराने मला खोकला आला, तेव्हा तो पहिल्याच दिवशी बंद झाला.

आता परिणामाविषयी. मी शून्य ते दहा या मोजपट्टीवर रोज रात्री वेदनेचा आकडा लिहीत होते. उपचारापूर्वीच्या दोन आठवड्यांत सरासरी सहाच्या आसपास होती. पहिल्या तीन बैठकांनी काहीही झाले नाही, उलट दुसऱ्या बैठकीनंतर एक दिवस कंबर अधिकच जड झाली. चौथ्या-पाचव्या बैठकीपासून फरक दिसू लागला आणि सहाव्या आठवड्याअखेर सरासरी तीनवर आली. गोळ्या आठवड्याला पाचांवरून एकीवर आल्या. तीन महिन्यांनी आकडा चारवर स्थिरावला आहे. सकाळचा ताठरपणा अजून आहे, कुल्ल्यापर्यंत उतरणारी कळ मात्र क्वचितच येते. तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले, तर हा व्यवहार फायद्याचा झाला.

पण मुद्रितशोधकाला दुसरे वाचन केल्याशिवाय पान सोडता येत नाही. मी उपचाराला गेले ते दुखणे सर्वांत वाढलेले असताना, आणि कंबरदुखी चढते तशी बहुधा आपोआप उतरतेही. त्याच सहा आठवड्यांत मी व्यायाम पुन्हा सुरू केले, कारण उपचारक बाई दर वेळी त्याची चौकशी करत आणि खोटे बोलायला लाज वाटे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मी फोनविना पालथी पडून राहत होते, हेही माझ्या आयुष्यात नवीनच होते. तेव्हा सहावरून तीनपर्यंतच्या या उतरणीत सुईचा वाटा किती, हे माझ्या वहीवरून ठरणार नाही. ते ज्यांनी हजारो रुग्णांवर तपासले आहे, त्यांच्याकडेच जावे लागते.

सुदैवाने कंबरदुखी हा ॲक्युपंक्चरच्या संशोधनात सर्वांत जास्त तपासल्या गेलेल्या विषयांपैकी एक आहे. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट होते. एका गटाला चिनी पद्धतीनुसार योग्य बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचल्या आणि तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के रुग्णांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के रुग्णांना. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा दोनदा वाचले. ॲक्युपंक्चर नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले होते, आणि त्याच वेळी सुई नेमकी कुठे टोचायची याला फारसे महत्त्व नसल्याचेही दिसले होते. दोन्ही बाजूंचे लोक याच चाचणीचा अर्धा-अर्धा भाग उद्धृत करतात, हे ओघाने आलेच.

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेत ६३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर खोट्या उपचारासाठी दात कोरायच्या काड्या वापरल्या गेल्या. नळी टेकवायची, काडीने टिचकी मारल्यासारखे करायचे, काही वेळाने काडी थोडी फिरवायची आणि शेवटी सुई काढल्याचा अभिनय करायचा. रुग्ण पालथा असल्यामुळे त्याला दिसत काहीच नाही. आठ आठवड्यांनी खरी सुई आणि काडी या दोन्ही प्रकारांत सुमारे ६० टक्के रुग्णांची हालचाल लक्षणीय सुधारली होती, तर केवळ नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची. फरशीच्या चौकोनाकडे पाहत पडलेल्या मला माझ्या पाठीवर नेमके काय चालले आहे याची खात्री काय होती, हा विचार त्यानंतर मनातून गेला नाही.

सुईची बाजू घेणारा पुरावाही आहे आणि तो टाकाऊ नाही. दीर्घकालीन वेदनांवरच्या ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात खरी ॲक्युपंक्चर खोट्या ॲक्युपंक्चरपेक्षा सरस असल्याचे आढळले. फरक लहान होता, पण योगायोगाचा नव्हता, आणि मिळालेला आराम वर्षभरानंतरही बराचसा टिकत होता. याच संशोधकांनी २०१२ च्या पहिल्या विश्लेषणात दिलेला हिशेब सामान्य वाचकाला चटकन समजतो. शंभरच्या मोजपट्टीवर ६० वेदना असलेला रुग्ण ॲक्युपंक्चर न घेता ४३ वर येईल, खोटी घेऊन ३५ वर येईल आणि खरी घेऊन ३० वर येईल. ४३ आणि ३० यांच्यातले अंतर रुग्णाला जाणवते. त्यातले ३५ पासून ३० पर्यंतचे पाच गुण तेवढे सुईच्या अचूकपणाचे, आणि उरलेले आठ त्या सगळ्या वातावरणाचे, असा त्याचा अर्थ होतो. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधल्या आढाव्याने तर, केवळ कंबरदुखीपुरते पाहिले असता, खोट्या सुईच्या तुलनेत वेदनेतला फरक रुग्णाला महत्त्वाचा वाटावा इतका नसण्याची शक्यता नोंदवली आहे.

धोरणे ठरवणाऱ्यांची त्रेधाही यातूनच उडते. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली, आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनेसाठी तिचा विचार करावा असे पुन्हा म्हटले. अमेरिकेच्या मेडिकेअर विमा योजनेने २०२० पासून दीर्घकालीन कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचा खर्च मान्य केला, आणि सुधारणा दिसली तरच पुढच्या आठ बैठका देऊ केल्या. ‘सुधारणा दिसली तरच’ ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या केंद्रात मात्र सुरुवातीलाच चोवीस बैठकांची योजना पुढे केली गेली होती. मी बारांवर अडून बसले आणि सहाव्या बैठकीनंतर थांबण्याची मुभा लेखी मागितली, तेव्हा ती जराशा नाखुशीने का होईना, पण मिळाली.

वातावरणाचे आठ गुण असे मी वर म्हटले, त्याला कोणी हिणवू नये. २००८ मध्ये आतड्यांच्या एका दीर्घ विकारावर झालेल्या प्रयोगात २६२ रुग्णांपैकी एका गटाला नुसते प्रतीक्षायादीवर ठेवले, दुसऱ्याला खोटी ॲक्युपंक्चर अगदी कोरडेपणाने दिली आणि तिसऱ्याला तीच खोटी ॲक्युपंक्चर आस्थेने, बोलून, ऐकून घेऊन दिली. पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. माझ्या पहिल्या भेटीतल्या पन्नास मिनिटांची किंमत मला या आकड्यांत दिसते. उपचारक बाई रजेवर असताना आठवी बैठक त्यांच्या साहाय्यकाने केली. सुया त्याच, बिंदू तेच, पण तो खोलीत आला, टोचून गेला आणि वेळ संपल्यावर काढून गेला. त्या रात्रीचा माझा आकडा पाच होता. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, तरी तो मी खोडलेला नाही.

यामागची शरीरक्रिया अगदीच गूढ नाही. टोचल्याने शरीरात वेदना शमवणारी एंडॉर्फिने सुटतात, आणि त्यांचा परिणाम रोखणारे नालॉक्सोन हे औषध दिले असता ॲक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणाम घटतो, असे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत आढळले होते. उंदरांवरच्या २०१० मधल्या एका अभ्यासात सुई फिरवलेल्या जागी ॲडेनोसिन हे शरीरातलेच रसायन वाढल्याचे आणि त्याने वेदना दबल्याचे दिसले. मेरिडियन, म्हणजे बारा मुख्य आणि मध्यरेषेवरचे दोन असे छीचे मार्ग व त्यांवरचे ३६१ बिंदू, यांना शरीररचनाशास्त्रात काही आधार सापडलेला नाही. माझ्या मते हा जुन्या वैद्यांनी स्मरणासाठी आखलेला नकाशा आहे. त्यावरून फिरता येते, पण त्यावरची रेषा जमिनीत खणून सापडणार नाही. उपचारक बाईंना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “मग तुम्ही नकाशा माझ्याकडे ठेवा, तुम्ही फक्त कंबर आणा.” उत्तर मला आवडले.

माहितीपत्रक मात्र आवडले नाही. प्रतीक्षाकक्षात ठेवलेल्या त्या चार पानांत माझ्या व्यवसायाला पुरेल इतका मजकूर होता. १९७१ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराची चीनमध्ये केवळ ॲक्युपंक्चरच्या साहाय्याने, भूल न देता शस्त्रक्रिया झाली, असे त्यात छापले होते. हा पत्रकार म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन. त्यांचे अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढले गेले ते इंजेक्शनने जागा बधिर करून, रीतसर. सुया टोचल्या गेल्या त्या शस्त्रक्रियेनंतर, पोटातली अस्वस्थता कमी करण्यासाठी, आणि रेस्टन यांनी स्वतः तसेच लिहिले होते. त्यांच्या लेखाने पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरविषयी कुतूहल जागे झाले, एवढा भाग खरा आहे. पत्रकात पुढे ‘हजारो वर्षे अखंड चालत आलेली’ असेही म्हटले होते. परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे यात वाद नाही, पण अखंड हा शब्द मी खोडला असता. १८२२ मध्ये चीनच्या दाओग्वांग सम्राटानेच ती राजवैद्यकाच्या संस्थेतून हद्दपार केली होती.

याहून गंभीर होती ती आजारांची यादी. डोकेदुखीपासून थायरॉइड, मधुमेह, वंध्यत्व, दमा आणि वजन घटवण्यापर्यंत सगळे एका रांगेत, आणि खाली जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला. या संघटनेच्या नावाने २१ व्या शतकाच्या सुरुवातीला निघालेला आढावा खरोखर आहे, पण तो मुख्यतः १९९० च्या दशकापर्यंतच्या चाचण्यांवर बेतलेला आहे. त्यांतल्या अनेक चाचण्या लहान आणि सैल होत्या, आणि ॲक्युपंक्चरची कसून परीक्षा घेणारे मोठे अभ्यास त्यानंतरचे आहेत. वंध्यत्वाचेच पाहा. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसोबत ॲक्युपंक्चर देऊन ८४८ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल जन्माला येण्याचे प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के होते आणि खोट्यांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे फरक नाही. आधीच शिणलेल्या स्त्रीला ही आशा विकणे मला क्रूरपणाचे वाटते.

यादीतले सगळेच पोकळ होते असे नाही. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी यांवर मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून साधारण तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधल्या बिंदूला चेतना देण्याचा उपयोग होतो. ५९ चाचण्यांच्या आढाव्यात त्याला दुजोरा मिळालेला आहे. त्यासाठी सुईच हवी असेही नाही, दाब देणारा पट्टाही चालतो. अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी आणि ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठीही पुरावा बरा आहे, आणि नाइसने दोन्हींसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंतचा उपचार सुचवला आहे. गुडघ्याच्या झिजेबाबत मात्र त्याच संस्थेने २०२२ मध्ये नकार दिला. मला अर्धशिशी असती, तर कंबरेपेक्षा त्यासाठी मी अधिक निःशंक मनाने गेले असते.

सातव्या बैठकीत साहाय्यकाने माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख पाहून सहज म्हटले, “आता इतका फरक आहे तर ती अर्धी करून बघा, ताई.” मी सुया अंगात असतानाच नाही म्हणाले आणि उठल्यावर हे उपचारक बाईंच्या कानावर घातले. त्यांनी त्याला माझ्यासमोर समज दिली. पण जो रुग्ण ऐकून घेतो, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. चालू गोळी बदलायची ती ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांनीच. त्याचप्रमाणे पाय लुळा पडू लागणे, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात बधिरता येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, किंवा कंबरदुखीसोबत ताप येऊन वजन उतरत जाणे, ही लक्षणे असतील तर सुया टोचून घेण्यात वेळ घालवू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. हे त्या चार पानांत कुठेही छापलेले नव्हते.

सुरक्षिततेच्या बाबतीत केंद्राला मी बरे गुण देईन, एक प्रसंग वगळून. सुया दर वेळी माझ्यासमोर बंद पाकिटातून काढल्या जात आणि वापरून झाल्यावर जाड प्लास्टिकच्या डब्यात पडत. पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे पूर्वी काविळीचा बी विषाणू पसरल्याच्या घटना घडलेल्या असल्यामुळे या बाबतीत भीड बाळगू नये, पाकीट फोडलेले दिसलेच पाहिजे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांनी किमान एक त्रास नोंदवला. बहुतेक त्रास किरकोळ होते, सुईच्या जागी रक्त येणे, काळेनिळे होणे किंवा दुखणे अशा प्रकारचे. फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा शिरण्याच्या घटना दोन होत्या. दोन हे प्रमाण नगण्य असले तरी खांदा, मानेचा पाया आणि बरगड्या या भागांत टोचणाऱ्या हाताला शरीररचनेचे शिक्षण हवे, ते यासाठी. मला स्वतःला एकदा रिकाम्या पोटी गेल्यामुळे भोवळ आली आणि दोनदा कंबरेवर नाण्याएवढा निळा डाग उमटला.

वगळलेला प्रसंग नवव्या बैठकीचा आहे. सुया काढून झाल्या, मी उठले, पडद्याआड कपडे नीट केले आणि बाकावर बसून मोजे चढवू लागले. डावा मोजा घोट्यापाशी अडकला. वाकून पाहिले तर बाहेरच्या अंगाला, हाड आणि मागची जाड शीर यांच्यामधल्या खळगीत, चमकती सुई तशीच उभी होती. मोज्याने ती आडवी दाबली गेली होती आणि तिच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब जमला होता. दुखत नव्हते, पण हे न कळता मी जिना उतरले असते तर काय झाले असते, या विचाराने पोटात कालवले. बाईंनी ती लगेच काढली, कापसाने दाबून धरली आणि मनापासून क्षमा मागितली. मी विचारले, “टोचलेल्या सुया तुम्ही मोजत नाही का?” त्या म्हणाल्या, “लक्षात असतात.” पान लक्षात आहे म्हणून न वाचता पुढे पाठवणाऱ्यांशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे मी तिथेच सांगितले की टोचताना आकडा कागदावर लिहावा आणि काढताना पुन्हा मोजावा. रागावण्यासारखी ही चूक खचितच होती, परंतु इतर ठिकाणच्या अनुभवी लोकांकडूनही सुई राहून जाते असे नंतर वाचनात आले, तेव्हा रुग्णानेही स्वतःचा आकडा धरून ठेवावा हे बरे.

हा उपचार घ्यावा का, असे मला विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की दुखणे जुनाट असेल, त्याचे गंभीर कारण डॉक्टरांनी तपासून बाजूला केलेले असेल आणि गोळ्या सोसत नसतील, तर सहा बैठका घेऊन पाहण्यात गैर काही नाही. वहीत रोजचा आकडा लिहावा आणि सहाव्या बैठकीपर्यंत तो हललाच नाही, तर पुढच्या सहा घेऊ नयेत. केंद्र निवडताना टोचणाऱ्याच्या शिक्षणाची आणि नोंदणीची चौकशी करावी, आणि तो प्रश्न ऐकून जो चिडेल त्याच्याकडून टोचून घेऊ नये. मूत्रपिंडाच्या क्षीण ऊर्जेविषयी माझे मत बदललेले नाही, आणि या उपचाराने कंबर दुरुस्त होते असेही मी म्हणणार नाही. ती काही काळ बोलेनाशी होते, तेवढ्या अवधीत व्यायामाची सवय लावून घेता येते. माझ्या बाबतीत तरी तेच झाले.

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन पुस्तकांची अंतिम मुद्रिते आली आणि कंबर पुन्हा धरली, तेव्हा मी त्याच बाईंकडे दोन बैठका घेतल्या. प्रतीक्षाकक्षात माहितीपत्रक तेच होते, रेस्टन यांची शस्त्रक्रिया अजून तशीच भुलेवाचून चालू होती. आत पलंगाच्या उशाशी मात्र एक छापील तक्ता टांगलेला दिसला, आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते, १२. अर्ध्या तासाने सुया डब्यात पडताना बाई हलक्या आवाजात मोजत होत्या. पालथ्या पडलेल्या अवस्थेत मीही मोजत होते, आणि दोघींचा आकडा जुळल्यावरच मोज्यांकडे हात नेला.